कॉलेजातली तक्रार नेमकी कोणापुढे चालते?

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कॉलेजात विद्यार्थ्याविरुद्ध तक्रार आली, की ती कोणापुढे जाणार हे तक्रार कशाची आहे यावर ठरते. कॉपीला एक समिती, रॅगिंगला दुसरी, लैंगिक छळाला तिसरी. पालक गोंधळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. हे नियम एका बैठकीत झालेले नाहीत. ते वेगवेगळ्या खटल्यांतून आणि काही मुलांच्या यातनांतून आले आहेत.

पूर्वी शिस्त म्हणजे प्राचार्यांचा शब्द. ओळखपत्र जमा, पालकांना बोलावणे, हमीपत्र, नाहीतर थेट नाव कमी. या अधिकाराला पहिला मोठा लगाम परीक्षेच्या प्रकरणातून बसला. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने काही विद्यार्थ्यांचे निकाल गैरप्रकाराच्या आरोपावरून, त्यांना न विचारताच रद्द केले होते. १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असा निर्णय देण्याआधी विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. आज कॉपी प्रकरणात हाती पडणारी कारणे दाखवा नोटीस याच विचारातून आली आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत या प्रकरणांना विद्यापीठाचा अध्यादेश ५०५० आणि २०१६ चा राज्य विद्यापीठ कायदा लागू होतो. नेरुळ-कामोठ्याकडच्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठांचे परीक्षेचे नियम मात्र स्वतःचे असतात, म्हणून शेजारच्या मुलाचा अनुभव तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

ऐकून घेणे म्हणजे समोरासमोर उलटतपासणी का? रांचीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात काही मुले रात्री मुलींच्या वसतिगृहात शिरली. चौकशी समितीने मुलींचे जबाब त्या मुलांच्या माघारी घेतले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे योग्य ठरवले: आरोप कळवला, बाजू मांडू दिली, तेवढे पुरे. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. रोज त्याच वर्गात आणि त्याच लोकलमध्ये भेटणाऱ्यांविरुद्ध बोलायचे, तर तेवढे संरक्षण हवेच.

रॅगिंगबाबत महाराष्ट्राने १९९९ मध्येच कायदा केला. तो संस्थेच्या आत आणि बाहेरही लागू आहे, म्हणजे ठाणे-वाशी गाडीतला त्रासही त्यात मोडतो. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर निलंबन करून प्रकरण पोलिसांकडे पाठवायचे. कुचराई केली तर गुन्ह्याला मदत केली असे मानले जाते. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, कॉलेजातून काढणे आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश नाही. तरीही देशभर जाग आली ती मार्च २००९ मध्ये, हिमाचलच्या टांडा येथे वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी अमन काचरू रॅगिंगमध्ये मारला गेला तेव्हा. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. प्रवेशावेळी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून घेतले जाणारे प्रतिज्ञापत्र त्यातलेच.

लैंगिक छळाचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातून आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातून निघतो. आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार अंतर्गत तक्रार समितीने चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. प्रकरणात विद्यार्थी असतील तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, तेही निवडून आलेले. कॉलेजच्या फलकावर ही नावे आहेत का, हे पालकांनी जरूर पाहावे.

या सगळ्यात न बसणारे बरेच उरते: मारामारी, चोरी, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची बदनामी. ही प्रकरणे कॉलेजच्या शिस्त समितीकडे जातात आणि तिथे अजूनही बरेच काही प्राचार्यांच्या स्वभावावर अवलंबून राहते. संस्थेविरुद्धच्या गाऱ्हाण्यासाठी आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर दाद मागायला लोकपाल दिला आहे. शिस्त समितीने मात्र निदान लेखी आरोप, उत्तराला पुरेसा वेळ आणि कारणांसह लेखी आदेश एवढे तरी द्यावे, आणि तक्रार देणाऱ्याला सही-शिक्क्याची पोच.