इलेक्ट्रिक गिटारचा टोन : अ‍ॅम्प व इफेक्टची निवड

टोन म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या नादाचा स्वभाव : तो भरीव की बारीक, कोवळा की धारदार, स्वच्छ की फाटलेला. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा केसभर सरकवला की तीच तार वेगळे स्वरांश देऊ लागते. गिटारमध्ये हे काम वादकाची बोटे, पिकअप, अ‍ॅम्प (क्षीण संकेत मोठा करणारे यंत्र) आणि स्पीकर मिळून करतात. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की त्यात अगदी क्षीण विद्युत संकेत उमटतो. भरीव लाकडाची गिटार नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. म्हणून गिटार विकत घेणारा अर्धेच वाद्य घरी आणतो. उरलेले अर्धे अ‍ॅम्पमध्ये असते.

खोली आणि आवाज : ठाणे व नवी मुंबईतल्या वादकाने निवडीची सुरुवात भिंतींपासून करावी, कंपनीचे नाव नंतर पाहावे. नौपाड्यातली जुनी इमारत असो, घोडबंदर रस्त्यावरचा टॉवर असो की वाशी-नेरूळमधली सिडकोची वसाहत, सराव बहुधा बेडरूममध्ये होतो आणि भिंतीपलीकडे दुसरे कुटुंब असते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. गिटारच्या १२ इंची स्पीकरला फक्त १ वॅट दिला तरी एक मीटरवर साधारण ९७ ते १०० डेसिबल आवाज होतो. वॅट दुप्पट केले तर त्यात ३ डेसिबलचीच भर पडते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात. म्हणजे ५० वॅटचा अ‍ॅम्प १ वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा जेमतेम तिप्पट मोठा वाटतो. घरासाठी १ वॅटसुद्धा पुरून उरतो. पैसे घालायचेच तर स्पीकरच्या आकारात घालावेत. सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा. तीन-चार इंची स्पीकरला तो नीट पेलत नाही, म्हणून डबीएवढ्या अ‍ॅम्पमधून चांगली गिटारही कागदी वाटते.

हळू वाजवण्याने कानाची आणखी एक फसगत होते. आवाज लहान असताना कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. रात्री हळू वाजवणारा वादक साहजिकच अ‍ॅम्पवरचे बेस (खालचा पट्टा) आणि ट्रेबल (वरचा पट्टा) वाढवतो, मिड (मधला पट्टा) उतरवतो, आणि ते कानाला गोड लागते. तेच नॉब तसेच ठेवून तो रविवारी जॅमरूममध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत जातो, ड्रम सुरू होतात आणि गिटार हरवते. खालचा पट्टा बेस गिटार आणि मोठ्या ड्रमने व्यापलेला असतो, वरचा झांजांनी. गिटारला जागा उरते ती मधली, आणि तीच त्याने घरी रिकामी केलेली असते. एकट्याने ऐकताना नाकात बोलल्यासारखा वाटणारा टोन बँडमध्ये बरोबर बसतो. ‘माझी गिटार ऐकूच येत नाही’ या तक्रारीचे मूळ, प्रस्तुत लेखकाच्या मते, बहुतेक वेळा इथेच असते. ती करणारा पुढच्या महिन्यात नवे पेडल (आवाजावर इफेक्ट देणारी, पायाने चालू-बंद करायची डबी) घेतो, हे पाहून खरोखर वाईट वाटते. मिडचा नॉब फिरवायला पैसे लागत नाहीत. घरासाठी आणि बँडसाठी नॉबच्या जागा वेगळ्या लिहून ठेवाव्यात.

अ‍ॅम्पचे प्रकार : व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांचा), ट्रान्झिस्टरचा आणि डिजिटल मॉडेलिंगचा (इतर अ‍ॅम्पच्या आवाजाची संगणकी नक्कल करणारा) असे तीन ढोबळ प्रकार आहेत. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला ताकदीबाहेर दामटले की आवाज हळूहळू, गोलाईने फाटतो. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या बासमन अ‍ॅम्पचा आराखडा समोर ठेवून लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास जेटीएम४५ हा अ‍ॅम्प तयार झाला आणि रॉकचा जाड, फाटका आवाज त्याच वंशातून पसरला. व्हॉक्स कंपनीचा एसी३० हा अ‍ॅम्प म्हणजे दुसरा घराणेदार आवाज, घंटेसारखा लखलखीत. १५ डिसेंबर २०१९ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यू-टू हा आयरिश बँड वाजला. त्याचा गिटारवादक द एज याची ओळखच एसी३० आणि डिले (ठरावीक वेळाने स्वर पुन्हा ऐकवणारा इफेक्ट) या जोडीवर उभी आहे.

व्हॉल्व्हचा टोन मोठ्या आवाजात फुलतो, आणि फ्लॅटमधली अडचण हीच आहे. १५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घरी आवाजाचा नॉब १ वर ठेवून वाजवणाऱ्याने ज्यासाठी पैसे मोजले ते त्याला कधी ऐकूच येत नाही. अशा घरात वॅट उतरवण्याची सोय असलेला मॉडेलिंग अ‍ॅम्प जास्त उपयोगी. उदाहरणार्थ, बॉसच्या कटाना-५० मध्ये १२ इंची स्पीकर आहे आणि अर्धा, २५ व ५० वॅट असे टप्पे आहेत. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये रोलंडचा १९७५ चा जेसी-१२० स्वच्छ आवाजासाठी आदर्श मानला जातो; त्याच्यापुढे कोणतेही पेडल आपला खरा रंग दाखवते.

इफेक्ट : गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंत पेडलांचा रूढ क्रम असा आहे : वा (पायाने स्वर ‘वा-वा’ असा उघडझाप करणारे), कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारे), ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारे), कोरस (एकाच्या अनेक गिटार वाटायला लावणारे), डिले, रिव्हर्ब (खोलीचा घुमारा देणारे). आधी आवाज फाडावा, मग त्याचा प्रतिध्वनी करावा. उलट केले तर प्रतिध्वनीही फाटतात आणि सगळे गढूळ होते. जुन्या धाटणीच्या फझला (आवाज अधिक खरखरीत फाडणाऱ्या पेडलला) मात्र थेट गिटारशी जोडलेले असणे मानवते, त्याच्याआधी काही नको. आयबानेझ ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल प्रसिद्ध झाले ते मधला पट्टा उचलते म्हणून, म्हणजे पुन्हा मिडचाच मामला. डिले गाण्याच्या लयीत बांधावा : मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा आणि त्याचा पाऊण भाग ३७५ मिलिसेकंदांचा. स्वच्छ टोन मनासारखा झाल्याशिवाय पेडलकडे वळू नये, एवढा एक नियम पाळला तर बरीच खरेदी टळते.

वीज : बहुतेक पेडल ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांच्या पिनीचे मधले टोक ऋण असते, उलट अ‍ॅडॉप्टर लावल्यास पेडल जळू शकते. एकाच अ‍ॅडॉप्टरवरून सात-आठ पेडलांची माळ ओढली, त्यातही डिजिटल पेडल असले, की गुणगुण वाढते; प्रत्येक पेडलला इतरांपासून विलग, स्वतंत्र वाट देणारा वीजपुरवठा घ्यावा. अमेरिकेतून नातेवाइकाबरोबर आणवलेला अ‍ॅम्प बहुधा १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावू नये. मागच्या पट्टीवरचे आकडे वाचून, पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय चालू केला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

अर्थिंगबाबत तडजोड नको. गुणगुण थांबावी म्हणून तिसरी पिन तोडणारे आजही भेटतात. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. ते तुटलेले असताना ओठ माइकला लागले तर शरीरातून वीज जाऊ शकते. गणपतीच्या दिवसांत ओल्या मंडपात हा धोका कैक पटींनी वाढतो. मिक्सर आणि अ‍ॅम्प दोघांची लाइन एकाच बोर्डावरून घ्यावी आणि ते अर्थिंग चालू असल्याची मंडपातल्या वायरमनकडून खात्री करून मगच तारेला हात लावावा.

पावसाळा : खाडीकाठच्या दमट हवेत जॅकवर गंज चढतो आणि नॉब फिरवताना खरखर होते. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून नॉब वीसेक वेळा फिरवला की बहुधा सुटते. न वापरलेल्या पेडलमधील बॅटरी जूनआधी काढून ठेवावी.

ने-आण : जेसी-१२० चे वजन २८ किलोच्या आसपास. तो घेऊन ठाणे स्टेशनचा पूल चढणे एकट्याचे काम नव्हे, म्हणून इथले वादक पाठीवर पेडलबोर्ड नेतात आणि अ‍ॅम्प जॅमरूमचा किंवा मंचावरचा वापरतात. मंचावर अ‍ॅम्पच नसेल तर गिटार थेट मिक्सरमध्ये जाते. गिटारचा स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे देत नाही. साध्या साउंड सिस्टिमला ती मर्यादा नसते, त्यामुळे ओव्हरड्राइव्ह डासांच्या थव्यासारखा ऐकू येतो. अशा वेळी साखळीच्या शेवटी स्पीकर कॅबिनेटची नक्कल करणारे पेडल लागते, आणि वारंवार कार्यक्रम करणाऱ्याने ते दुसऱ्या ओव्हरड्राइव्हच्या आधी घ्यावे.