सांडलेली कॉफी आणि सांगोवांगीचे लाखो डॉलर
गाडी चालवताना कॉफी सांडून घेऊन एका अमेरिकन बाईने लाखो डॉलर उकळले, ही चवीने सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही. १९९२ मध्ये अल्बुकर्क येथे ७९ वर्षांच्या या आजी उभ्या गाडीत चालकाशेजारी बसल्या होत्या; कप गुडघ्यांत धरून झाकण काढताना मॅकडोनाल्ड्सची कढत कॉफी मांडीवर सांडली, सुती पँटने ती अंगाशी धरून ठेवली आणि त्वचारोपण करावे लागले. त्यांनी मागितले २०,००० डॉलर. कंपनीने देऊ केले ८००. प्रकरण कोर्टात गेले. भाजल्याच्या ७०० हून अधिक तक्रारी कंपनीकडे आधीच आलेल्या असल्याने ज्यूरीने, म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, २७ लाखांची दंडात्मक भरपाई (नुकसानीखेरीज कंपनीला शिक्षा म्हणून) ठरवली खरी, पण न्यायाधीशांनी एकूण रक्कम ६,४०,००० वर आणली आणि अखेर गुप्त तडजोड झाली. ज्यूरीने आजींचाही २० टक्के दोष धरला होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.