अल्पवयीन मुलाला मानसोपचारासाठी भरती करताना: नियम, कागदपत्रं आणि मंडळाकडे अर्ज

काउंटरवर वडील फॉर्म भरतायत. सतरा वर्षांचा मुलगा बाकावर बसलाय, मोबाईल घट्ट मुठीत, कारण थोड्या वेळात तो काढून घेतील हे त्याने ऐकलंय. फॉर्मवर त्याची सही लागत नाही, वडिलांची लागते. मोठ्या माणसाला ‘मी स्वतःहून दाखल होतोय’ म्हणता येतं, अठरा पूर्ण नसलेल्याला ती सोय नाही. त्याची भरती नेहमी दुसऱ्याच्या अर्जावर होते, मग त्याची तयारी असो वा नसो. त्यामुळे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये अल्पवयीनांसाठी कलम ८७ वेगळं दिलंय. २०१८ पासून लागू असलेल्या या कायद्याने १९८७ चा जुना कायदा मोडीत काढला.

व्यसनमुक्ती केंद्रही यातून सुटत नाही. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था कायद्याच्या व्याख्येत आहेत. ‘आमचं केंद्र आहे, हॉस्पिटल नाही’ असं कुणी म्हणालं, तर आधी नोंदणी प्रमाणपत्र दाखवायला सांगा. उलट, नुसती बौद्धिक अक्षमता म्हणजे या कायद्याने मानसिक आजार नव्हे. अभ्यास सोडला, जातीबाहेर प्रेम केलं, घरच्यांचा देव मानत नाही, हेही आजाराचं कारण ठरवता येत नाही. समाजाच्या रीतीत न बसणं हा निकष कलम ३ ने साफ नाकारलाय.

अर्ज कोण करू शकतो

नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती. अल्पवयीनाच्या बाबतीत तो म्हणजे कायदेशीर पालक (कलम १५). काका, वसतिगृहाचे रेक्टर, शाळेचे मुख्याध्यापक यांच्या सहीवर भरती होत नाही. अर्ज आस्थापनेच्या, म्हणजे जिथे दाखल करायचं त्या हॉस्पिटल किंवा केंद्राच्या, प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्यायचा.

पण अर्ज दिला म्हणजे भरती झाली असं नाही. दोन जणांनी मुलाला तपासलेलं हवं: दोन मानसोपचारतज्ज्ञ, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि सोबत एक मानसिक आरोग्य व्यावसायिक (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगैरे) किंवा डॉक्टर. तपासणी भरतीच्या दिवशीची किंवा आधीच्या सात दिवसांतली असावी, आणि दोघांनी स्वतंत्रपणे केलेली. एकाने लिहिलं आणि दुसऱ्याने खाली सही ठोकली, हे चालत नाही. दोघांचंही चार बाबतींत एकमत लागतं. आजार भरती करावी लागेल इतका गंभीर आहे. भरती मुलाच्या हिताची आहे, आणि हे ठरवताना त्याची इच्छा, कळू शकत असेल तर, विचारात घेतलीय. भरतीशिवाय त्याची उपचारांची गरज भागणार नाही. आणि घरी राहून, ओपीडीत, समुपदेशनाने होण्यासारखं सगळं करून झालंय, किंवा ते या मुलाला लागू पडणारं नाही.

चौथ्या मुद्द्यावर कागद बहुतेक वेळा गप्प असतो. ‘घरी सांभाळणं शक्य नाही’ एवढंच लिहिलेलं असेल, तर आधी काय करून पाहिलं, किती दिवस, कुणाकडे, हे लिहून मागा.

कागदपत्रं

जन्मदाखला, नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला किंवा आधार. पालकत्वाचा पुरावा, आई-वडील विभक्त असतील किंवा ताबा कोर्टाने ठरवला असेल, तर त्या आदेशाची प्रत. जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची यादी, ॲलर्जी असेल तर त्याची नोंद. पालकाने मुलासाठी लेखी आगाऊ निर्देश (आजारात कोणते उपचार करावेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवणं) केले असतील तर तेही, कारण अल्पवयीनासाठी असे निर्देश करायचा हक्क पालकाला आहे.

हे झालं द्यायचं. घ्यायचं काय, ते जास्त महत्त्वाचं: अर्जाची पोच, दोन्ही तपासणी अहवालांच्या प्रती, आणि भरतीची तारीख व वेळ लिहिलेला कागद. वेळ कशाला, तर पुढची सगळी मुदत तिथून मोजायची आहे.

भरती झाल्यावर

मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं. इतर आजारांसाठी दाखल मुलांना जी व्यवस्था मिळते, तिच्यापेक्षा ती कमी दर्जाची नसावी. पालक किंवा त्याने नेमलेली व्यक्ती पूर्ण काळ सोबत राहिली पाहिजे; मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल, तर सोबतीला बाई हवीच. रोजंदारीवरच्या घराला हे जड जातं, मान्य. तरी ‘तुम्ही घरी जा, आम्ही बघतो’ ही सूचना कितीही मायेने दिलेली असली तरी कायद्यात बसत नाही.

उपचार पालकाला नीट समजावून, त्याच्या संमतीने. अल्पवयीनाला विजेचे झटके देण्यावर बंदी आहे. तज्ज्ञाला ते अटळ वाटलेच, तर पालकाची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची (भरती आणि रुग्णाच्या हक्कांच्या तक्रारी तपासणारं मंडळ) आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतात. साखळदंड कुणालाच नाही. बांधून ठेवणं फक्त तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. शिक्षा म्हणून नाही आणि कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. जबरदस्तीने डोकं भादरता येत नाही. अंगावर स्वतःचे कपडे ठेवता येतात. आणि त्या बाकावरच्या मुलासाठी: फोन करणं, ईमेल, भेटायला आलेल्याला भेटणं किंवा नाकारणं हे कलम २६ खालचे हक्क आहेत.

पालकाने ‘आता घरी न्यायचंय’ म्हटलं की डिस्चार्ज द्यावा लागतो.

मुदती

भरतीपासून ७२ तासांत वैद्यकीय अधिकाऱ्याने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. मंडळावर अध्यक्ष म्हणून जिल्हा न्यायाधीश किंवा त्या दर्जाचे आजी-माजी न्यायिक अधिकारी असतात, जिल्हाधिकाऱ्यांचे प्रतिनिधी आणि डॉक्टर असतात, शिवाय रुग्ण, त्यांना सांभाळणारे किंवा संस्थांचे लोकही. भरती ३० दिवस चालली तर पुन्हा लगेच कळवायचं, आणि मंडळाने सात दिवसांत फेरतपासणी करायची. पुढे दर ३० दिवसांनी तेच. ‘मंडळाला कोणत्या तारखेला कळवलंत?’ हे चौथ्या दिवशी लेखी विचारा. एवढ्या एका प्रश्नाने बऱ्याच फायली हलतात.

भरतीविरुद्ध अर्ज

कलम ७७ खाली रुग्ण स्वतः, त्याचा प्रतिनिधी, किंवा रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकते. रुग्ण सतरा वर्षांचा आहे म्हणून अर्ज घेता येत नाही, असं तिथे लिहिलेलं नाही. फी शून्य. मंडळाचा पत्ता आणि फोन आस्थापनेत दिसेल असा लावायचा असतो. अर्जाचा नमुना आणि मंडळाला करायचा फोन फुकट द्यायचा असतो. अपवादात्मक परिस्थितीत मंडळ दाखल रुग्णाचा तोंडी किंवा फोनवरचा अर्जही घेऊ शकतं.

मजकूर लांबवू नका. या धर्तीवर पुरे:

‘मी, वय १७, अमुक आस्थापनेत अमुक तारखेपासून दाखल आहे. मला एकाच डॉक्टरने तपासलं. माझं मत कुणी विचारलं नाही. मला मोठ्या रुग्णांच्या वॉर्डात ठेवलं आहे. कलम ८७ खालील माझी भरती तपासून मला सोडावं, निदान वेगळ्या वॉर्डात हलवावं.’ खाली नाव आणि संपर्क.

अल्पवयीनाच्या भरतीला आव्हान देणारा अर्ज मंडळाने सात दिवसांत निकाली काढायचा असतो.

खरी अडचण पालकच मुलाच्या विरोधात असतो तेव्हा येते. आत पाठवणारा तोच, संमती देणारा तोच, रखवालदारही तोच. माझ्या मते कायद्याची ही सर्वांत कच्ची बाजू. त्यावर उतारा कलम १५ मध्येच आहे: मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा मुलाचं हित पाहणारी कुणीही व्यक्ती, म्हणजे मावशी किंवा शिक्षिकासुद्धा, पुराव्यासह मंडळाकडे दुसरा प्रतिनिधी मागू शकते. योग्य माणूस मिळालाच नाही, तर राज्याच्या समाजकल्याण विभागाचे संचालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती प्रतिनिधी होते. पण या अर्जाला सात दिवसांची मुदत नाही, ९० दिवसांची सर्वसाधारण मुदत लागते. म्हणून मावशीने फक्त स्वतःचा अर्ज देऊन थांबू नये. मुलाचा भरतीविरुद्धचा अर्जही त्याच दिवशी द्यायला लावावा.

वकिलाचा खर्च नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मुलांना मोफत कायदेशीर मदत मिळते, घरचं उत्पन्न कितीही असो. मंडळाचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील.

आणि मुक्कामातच अठरावा वाढदिवस आला तर? त्या दिवसापासून वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याची नोंद स्वतंत्र रुग्ण, म्हणजे स्वतःहून दाखल झालेला, म्हणून करायची, आणि मोठ्यांचे सगळे नियम त्याला लागू. हा बदल केस पेपरवर चढलाय का, हे त्याच सकाळी बघून घ्या.