चौपट प्रवाहाचं गणित

फिशटँकच्या पंपाला लावायच्या नोझलच्या खोक्यावर लिहिलेलं असतं: आत एक लिटर, बाहेर चार लिटर. काही खोक्यांवर पाच. पंप तोच, वीज तेवढीच, फक्त पाइपच्या टोकाला बोटभर लांबीचा प्लास्टिकचा तुकडा बसवायचा. वाचून पहिली शंका फसवणुकीचीच येते. पण दावा बराचसा खरा आहे. गोची एवढीच की तो गाळण्याबद्दल नसून ढवळण्याबद्दल आहे, आणि घेणाऱ्याच्या डोक्यात बहुधा गाळणं असतं.

आधी ढवळण्याची गरज काय ते बघू. फिशटँकमध्ये ऑक्सिजन शिरतो तो मुख्यतः पाण्याच्या वरच्या थरातून. पाणी अजिबात हललं नाही, तर तो रेणूरेणूने खाली उतरतो आणि हा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. एक सेंटिमीटर जायला साधारण सात तास. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो, म्हणजे दहा सेंटिमीटरला जवळजवळ महिना. दीड फूट उंच टाकीच्या तळाशी तो पोचेपर्यंत वर्ष उलटेल. मासे तोवर थांबणार नाहीत. त्यात आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेलं की लिटरभर पाण्यात जेमतेम ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशांना हाच आकडा ९ च्या पुढे असतो. एअर पंपाच्या बुडबुड्यांतून माशांना हवा मिळते असं वाटतं, पण बुडबुड्यांचं मोठं काम तळाचं पाणी वर आणण्याचं असतं. दगडामागे, कोपऱ्यात पाणी साचून राहिलं की तिथे विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजतं आणि कुजवणारे जिवाणू तिथला ऑक्सिजन संपवून टाकतात.

आता तो प्लास्टिकचा तुकडा. हीच युक्ती आपल्या स्वयंपाकघरात रोज चालते. गॅसच्या शेगडीत बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो, बर्नरच्या नळीत शिरताना शेजारच्या झरोक्यांतून हवा ओढून घेतो आणि दोन्ही मिसळून वर जळतात. हवा ढकलायला वेगळा पंप नसतो. नोझलमध्ये गॅसच्या जागी पंपाचं पाणी आणि हवेच्या जागी टाकीतलं पाणी. आतलं तोंड निमुळतं असतं, त्यातून वेगवान धार सुटते, बाजूच्या खिडक्यांतून भोवतालचं पाणी धारेला येऊन मिळतं आणि पुढच्या रुंदावत जाणाऱ्या नळीतून सगळं मिळून बाहेर पडतं. याला एज्युक्टर म्हणतात. खोल विहिरीवरच्या जेट पंपातही हेच तत्त्व असतं.

याचं स्पष्टीकरण म्हणून बर्नुली या शास्त्रज्ञाचं नाव घेऊन मोकळं व्हायची पद्धत आहे: वेग वाढला, दाब घटला, पाणी खेचलं गेलं. अर्धंच खरं. इटलीच्या जोव्हानी बातिस्ता व्हेंचुरीने १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा विषयच हा होता की वाहत्या द्रवाची गती बाजूच्या स्थिर द्रवाला कशी लागते. वेगवान धारेच्या कडेला भोवरे उठतात, ते शेजारच्या पाण्याला आत ओढतात आणि धार आपली गती त्यात वाटून टाकते. एका लिटरने तीन लिटर सोबत घेतले तर एकूण चार लिटर, पण वेग पाव. संवेग तेवढाच राहतो, गतिज ऊर्जा मात्र एकचतुर्थांश उरते. बाकीची भोवऱ्यांत विरून पाणी नकळत कोमट करते. फुकट काहीच मिळालेलं नाही. फक्त जोराची, अरुंद धार देऊन संथ, रुंद प्रवाह घेतला. माशांना तोच हवा असतो, त्यामुळे सौदा वाईट नाही.

पंपाच्या बाजूने पाहिलं तर मात्र चित्र थोडं बदलतं. समजा ताशी हजार लिटरचा पंप आहे आणि पाइपचं तोंड आतून १६ मिलिमीटर आहे. पाणी सेकंदाला साधारण १.४ मीटर वेगाने सुटतं, त्यासाठी दहा सेंटिमीटर हेड, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवण्याइतका दाब, पुरतो. तोंड ८ मिलिमीटर केलं की तेवढंच पाणी चौपट वेगाने जायला हवं आणि त्यासाठी हेड सोळापट, म्हणजे दीड मीटरच्या वर लागतं. खोक्यावर पंपाचं कमाल हेडच दीड मीटर लिहिलेलं असेल, तर तो हजार लिटर देऊच शकत नाही. ढोबळ हिशेबाने सहाशेच्या आसपास येऊन थांबतो. तरीही धारेचा रेटा आधीच्या दीडपट होतो, म्हणजे टाकी आधीपेक्षा चांगली ढवळली जाते. पण फिल्टरमधून जाणारं पाणी हजारावरून सहाशेवर आलं! नोझलने ओढलेलं पाणी फिल्टरमध्ये कधी जातच नाही. ते टाकीतून टाकीतच फिरतं. अमोनियाचा, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या आणि फिल्टरने काढायच्या विषाचा, त्रास असलेल्या टाकीत हे नोझल बसवणं म्हणजे दुखणं वाढवणं. कॅनिस्टर फिल्टरच्या, म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डब्यातल्या फिल्टरच्या, पंपात बहुधा जादा दाब नसतोच, त्यामुळे मी तिथे हे लावणार नाही. खाली संप, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी, आणि तिथलं पाणी वर परत पाठवणारा दमदार रिटर्न पंप असेल, तर जरूर लावावं.

आणखी एक गोष्ट खोक्यावर नसते. साध्या गोल तोंडाची धारही पाणी ओढतेच. तोंडाच्या व्यासाच्या दहापट अंतरावर, म्हणजे ८ मिलिमीटरच्या तोंडापासून आठ सेंटिमीटरवर, तिच्यातलं पाणी सुमारे तिप्पट झालेलं असतं. एज्युक्टर हेच काम कमी जागेत करतो आणि रुंदावत्या नळीमुळे थोडं जास्त करतो. म्हणून विकत घेण्याआधी आहे त्या पाइपचं तोंड वळवून पाहावं. बरेचदा धार समोरच्या काचेवर जाऊन आपटत असते. ती टाकीच्या लांबीच्या दिशेने, किंचित वर रोखली की वरचा थर हलतो आणि पाणी टोकाला जाऊन तळाने परत येतं. कुठे पोचतं, कुठे नाही, हे खाण्याचा चिमूटभर चुरा सोडला की दिसतं. नुसतंच ढवळायचं असेल तर पंख्याचा वेव्हमेकर पाच-सात वॅटमध्ये काही हजार लिटर हलवतो. विजेच्या हिशेबात नोझल त्याच्यापुढे टिकत नाही. नोझलची बाजू एवढीच की टाकीत जादा वायर आणि मोटर नको.

किती प्रवाह हवा हे मासे ठरवतात. मिस केरळ म्हणून विकला जाणारा डेनिसन बार्ब पश्चिम घाटातल्या वाहत्या ओढ्यांचा रहिवासी. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला (जीनसला) 'सह्याद्रिया' हे नाव मिळालं. तो प्रवाहात तोंड घालून मजेत पोहतो. फायटर मूळचा थायलंडकडच्या उथळ, संथ पाण्यातला. तो वर येऊन हवेतूनही श्वास घेतो आणि लांब परांचा भार घेऊन जोराच्या पाण्यात दमतो. त्याच्या टाकीत हे नोझल नकोच. पिल्लं असतील तरीही नको, बाजूच्या खिडक्यांतून ती आत खेचली जातात.

बसवताना खिडक्या पूर्ण पाण्याखाली हव्यात, नाहीतर हवा ओढून टाकीभर बारीक फेस होतो. पण नोझल फार खोलही नको. लाइट गेली की पंप थांबतो आणि रिटर्न पाइप सायफन होऊन उलटा वाहू लागतो. नोझल उघडं पडेपर्यंत टाकीतलं पाणी संपमध्ये उतरतं आणि तिथून फरशीवर. तीन फुटी टाकीत पातळी दहा सेंटिमीटर उतरली तर तीस-पस्तीस लिटर होतात. म्हणून पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक छोटं भोक पाडतात. पातळी तिथवर आली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे भोक शेवाळाने बुजतं, तेव्हा महिन्यातून एकदा त्यात काडी फिरवावी आणि पंप मुद्दाम बंद करून पाणी कुठे थांबतं ते बघावं.