योक कोणत्या विमानाचा? आकाराआधी आटे पाहावेत

जुन्या ब्रिटिश प्रवासी विमानाच्या कॉकपिटमधला म्हणून एखादा योक विकायला येतो, तेव्हा त्याला चिकटवलेले विमानाचे नाव पुष्कळदा केवळ आकारावरून ठरवलेले असते. योक म्हणजे वैमानिकाच्या पुढ्यातले ते अर्धवट चाक. ते फिरवले की पंखांच्या मागच्या कडेवरील एलेरॉन हलतात आणि ज्या स्तंभावर ते बसवलेले असते तो पुढे-मागे केला की शेपटीवरील एलेव्हेटर हलतात. काँकॉर्डचा मेंढ्याच्या शिंगांसारखा वळलेला योक एकदा पाहिला की विसरत नाही, हे खरे. पण तशीच शिंगे पुढे ब्राझीलच्या एम्ब्रेअर विमानांतही आली, आणि साध्या दोन मुठींच्या योकांत तर एका कारखान्याचा माल दुसऱ्यापासून वेगळा काढणे नजरेला अवघडच जाते. म्हणून या योकला विमानात काय काय काम पडत होते, हे आधी पाहावे.

पहिली खूण ब्रेकची. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे घडलेल्या अनेक ब्रिटिश विमानांत चाकांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालत आणि त्यांचा खटका थेट योकवर असे. सायकलच्या ब्रेकसारखा तो ओढला की हवेचा दाब किती हे ठरे, आणि पायाखालचा दांडा ज्या बाजूला दाबलेला असेल त्या बाजूच्या चाकाला तो दाब अधिक मिळे. १९४५ साली प्रथम उडालेल्या डी हॅविलंड डव्हमध्ये ही रचना होती. त्याच काळातल्या अमेरिकी डकोटात ब्रेक पायाच्या चवड्याने दाबायचे असत. त्यामुळे खटका निखळून गेलेला असला तरी मुठीजवळ त्याची खीळ आणि तारेची वाट उरली असेल, तर शोध बराच आवळता येतो.

मोठ्या, वेगवान विमानांकडे आलो की खुणा बदलतात. वेग दुप्पट झाला की एलेरॉन-एलेव्हेटरसारख्या नियंत्रण-पृष्ठावरचा हवेचा जोर चौपट होतो, आणि मोठ्या विमानात तो केवळ मनगटाने पेलणे शक्य नसते. १९५२ साली उडालेल्या ब्रिस्टल ब्रिटानियात वैमानिक फक्त पृष्ठाच्या कडेची लहानशी पट्टी हलवी आणि उरलेले काम वारा करी. त्याआधी तीन वर्षे उडालेल्या कॉमेट या जेट विमानात मात्र ते द्रवदाबावर सोपवलेले होते. द्रवदाबाच्या रचनेत वाऱ्याचा प्रतिकार हातापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तो कृत्रिमरीत्या निर्माण करावा लागतो. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी बीएसी वन-इलेव्हन या ब्रिटिश जेटचे पहिले विमान चाचणीत खोल स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल नाहीशी होऊन एलेव्हेटरही निकामी ठरतो अशा अवस्थेत, सापडून कोसळले आणि सातही जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्या विमानांत स्टॉल जवळ आला की स्तंभ थरथरवणारे आणि तरीही वैमानिक हलला नाही तर तो पुढे ढकलणारे यंत्र बसवण्यात आले. योकसोबत स्तंभही मिळाला असेल, तर त्या कंपकाची बैठक जरूर शोधावी.

झीज कोणत्या बाजूला आहे, तेही पाहावे. कॅप्टन डाव्या आसनावर बसून उजवा हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, ठेवतो, त्यामुळे त्याच्या योकची डावी मूठ अधिक गुळगुळीत होते. सहवैमानिकाचे याच्या नेमके उलट असते.

माझा सर्वाधिक भरवसा मात्र स्क्रू-बोल्टच्या आट्यांवर आहे. ब्रिटिश फाइन आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो, तर १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी मान्य केलेल्या युनिफाइड आट्यांचा ६० अंशांचा. पाव इंची बोल्टवर पहिल्या पद्धतीत इंचाला २६ आटे येतात आणि दुसऱ्या पद्धतीच्या बारीक मालिकेत २८. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे चढतो आणि अडतो. बारीक स्क्रूंसाठी वापरली जाणारी बीए (ब्रिटिश असोसिएशन) मालिका आणखी वेगळी, ४७.५ अंशांची, आणि ती ब्रिटिश असूनही मिलिमीटरवर बेतलेली आहे! स्क्रू दुरुस्तीत बदललेला असू शकतो, म्हणून आटे मोजायचे गेज त्याला न लावता ओतीव अंगातल्या भोकाचे आटे तपासावेत. युनिफाइड आटे निघाले तर वस्तू त्या करारानंतरची, असा अंदाज धरता येतो. ब्रिटिश आटे मात्र नंतरही बराच काळ वापरात राहिले, त्यामुळे उलट अनुमान काढू नये.

धातूही बोलतो. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची घनता ॲल्युमिनियमच्या जवळपास दोन-तृतीयांश असते. सुटा केलेला ओतीव भाग आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलला की दोघांतला फरक लगेच कळतो. त्यानंतर मॅग्नेशियम ओले ठेवू नये, कारण ते चटकन गंजते आणि पांढरी भुकटी धरते.

अंगावरचे आकडे वाचताना उठावाचे आणि ठोकलेले असा भेद करावा. उठावाचा आकडा साच्यातून येतो, आणि एकाच साच्यातला कच्चा भाग वेगवेगळ्या कातकामाने दोन्ही आसनांसाठी वापरता येतो. तयार भागाची ओळख ठोकलेल्या आकड्यात आणि त्याशेजारच्या तपासणी-शिक्क्यात असते. भारतात सापडलेल्या योकबाबत इथे विशेष जपावे लागते. मँचेस्टर परिसरातल्या ॲव्हरोच्या आराखड्याचे ७४८ विमान कानपूरला बांधले जाई आणि तिथले पहिले विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले. पण सुरुवातीची विमाने ब्रिटनहून आलेल्या सुट्या भागांतून जुळवलेली असल्यामुळे, कानपुरी विमानातून निघालेला योक ब्रिटनमध्येच ओतलेला असू शकतो.