लॅटिना बायका ब्रेस्ट कॅन्सरच्या ट्रायलपर्यंत का पोचत नाहीत: संमतीपत्राची मागची गोष्ट

अमेरिकेत लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, बहुतेक स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या बायकांचा कॅन्सरने सगळ्यात जास्त जीव जातो तो ब्रेस्ट कॅन्सरमुळे. लोकसंख्येत हा समाज 19 टक्क्यांच्या आसपास, पण नवीन औषधांच्या ट्रायलमध्ये त्यांचं प्रमाण त्याच्या कितीतरी खाली. का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, त्यांचा विश्वासच नाही. अविश्वासाला कारणं आहेतच, 1956 मध्ये अमेरिकेच्या ताब्यातल्या प्युर्टो रिको बेटावर गर्भनिरोधक गोळीची चाचणी झाली तेव्हा आपल्यावर प्रयोग चाललाय हे तिथल्या बायकांना धड सांगितलंही नव्हतं. पण 2006 साली 20 अभ्यास आणि 70 हजारांवर लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तर विचारल्यावर हो म्हणण्यात अल्पसंख्याक आणि गोरे यांच्यात फारसा फरक नव्हता. म्हणजे मुळात विचारलं किती जणींना, हा प्रश्न आहे, आणि विचारायचं तर तिला समजणाऱ्या भाषेत विचारायला हवं ना.

लॉस एंजेलिसमध्ये एका सरकारी हॉस्पिटलात मेक्सिकन वंशाच्या बायकांकडून ऐन बाळंतपणाच्या कळांत इंग्रजी कागदांवर सह्या घेऊन नसबंदी केली गेली. दहा जणी कोर्टात गेल्या, 1978 मध्ये निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला, पण त्या लढ्यामुळे नसबंदीचे फॉर्म स्पॅनिशमध्ये आले. कॅन्सर ट्रायलच्या कागदांपर्यंत मात्र तो धडा पोचला नाही.

मग 1993 चा कायदा. सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनात बायका आणि अल्पसंख्याक असलेच पाहिजेत, आणि खर्च जास्त येतो हे कारण चालणार नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं. उत्तम कायदा, पण भाषांतराचे पैसे कोण देणार हे कुणी ठरवलंच नाही. इथेच सगळं अडलं. ट्रायलचं संमतीपत्र वीस-पंचवीस पानांचं असतं, प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा आराखडा, बदलला की तेही बदलतं, की पुन्हा भाषांतर, पुन्हा एथिक्स कमिटीची मंजुरी. त्याला नियमात एक पळवाट आहे, शॉर्ट फॉर्म. पेशंटच्या भाषेतला छोटासा कागद, त्यात एवढंच की मला सगळं तोंडी समजावलंय, बाकी माहिती दुभाष्यामार्फत, साक्षीदारासमोर. क्वचित येणाऱ्या भाषेसाठी ही सोय ठीक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्पॅनिश काय लॉस एंजेलिसमध्ये क्वचित येते? केमो घ्यायचा की नवीन औषध, हे ठरवायला बाई घरी जाते, नवऱ्याशी, बहिणीशी बोलते, आणि तेव्हा तिच्या हातात साइड इफेक्ट्सची यादी असते ती इंग्रजीत.

याचा परिणाम 2023 मध्ये आकड्यांत दिसला. त्याच शहरातल्या एका कॅन्सर सेंटरच्या नोंदी तपासल्या, तर इंग्रजी न बोलणाऱ्या पेशंटचं प्रमाण औषध कंपन्यांच्या ट्रायलपेक्षा बाकीच्या ट्रायलमध्ये जवळपास निम्मं होतं. कंपनी भाषांतराचा खर्च उचलते, बाकीच्यांकडे त्यासाठी बजेट नसतं. म्हणजे ज्या सरकारी संशोधनासाठी 1993 चा कायदा केला तेही या कमी आकड्याच्याच बाजूला.

गेल्या काही वर्षांत बरंच झालं. 2022 पासून गरिबांच्या सरकारी विम्यात ट्रायलमधला नेहमीचा उपचारखर्च मिळायला लागला, आणि हे खूप आधी व्हायला हवं होतं कारण कित्येक लॅटिना याच विम्यावर आहेत. त्याच वर्षाच्या शेवटी आणखी एक कायदा आला, मोठ्या ट्रायलआधी कोणत्या समाजातले किती पेशंट घेणार याचा प्लॅन कंपन्यांनी औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेला द्यायचा. 2024 च्या जूनमध्ये त्याच्या मार्गदर्शनाचा मसुदा आला, 2025 च्या जानेवारीत तो त्या संस्थेच्या वेबसाइटवरून काढला, पुढच्या महिन्यात कोर्टाच्या आदेशामुळे परत ठेवला. कायदा जागेवर आहे, पण भाषांतराचा खर्च अजूनही ज्या त्या सेंटरच्या बजेटवरच आहे.