रोयणीपाशी की ओंडक्याशी?

श्रावणात गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रस्त्यांवर पानांत बांधलेली अळंबी विकायला येतात, तेव्हा जाणकाराची नजर आधी देठाकडे जाते. वारुळाला इथे रोयण म्हणतात. रोयणीच्या मोठ्या अळंब्याचा देठ मुळासारखा खोल मातीत उतरलेला असतो. घोटाळा होतो तो बारक्यांत. नखाएवढ्या पांढुरक्या छत्र्या, एका रात्रीत शेकड्यांनी उगवलेल्या. अशा दोन जाती आहेत, लांबून बघाल तर सारख्याच.

त्यातली एक वाळवीची: टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस. वाळवी सुकी पानं, काटक्या चावते, पोटातून घाईने पुढे ढकलते आणि त्या विष्ठेचं पोळं रचते. पोळ्यावर बुरशी वाढते, वाळवीला न पचणारं लाकूड पचण्याजोगं करते आणि मग जुनं झालेलं पोळं वाळवी खाते. ही शेती सुमारे 3 कोटी वर्षं चालू आहे. गोव्यात सातेरी देवी म्हणून ज्या वारुळापुढे हात जोडतात, तशाच वारुळांच्या पोटात. पावसात वाळवी पोळ्याचे तुकडे बाहेर आणून मातीवर पसरते, त्यांतून ही बारीक अळंबी उगवतात. म्हणून त्यांना लांब मूळ नसतं, आणि देठाची खूण इथे कुचकामी ठरते. त्याऐवजी टोपीच्या मध्यावरचं टोक बघावं.

दुसरी कोप्रिनेलस डिसेमिनेटस. हिला वाळवी लागत नाही. हिचे तंतू थेट कुजक्या लाकडात शिरतात आणि तिथेच ते पचवतात. छत्री कडेपासून जवळजवळ मध्यापर्यंत चुणीदार, दिवसभरात करडी पडणारी, बोट लागताच मोडणारी. बुंध्याशी दिसली तर प्रश्नच नाही. पण तोडलेल्या झाडाचं मूळ जमिनीखाली कुजत असेल तर हीच मातीतून वर आल्यासारखी दिसते, आणि तिथे भलेभले फसतात.

अशा वेळी टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवावी. झडलेल्या बीजाणूंचा ठसा कागदावर उमटतो: वाळवीच्या अळंब्याचा गुलाबीसर, दुसरीचा काळपट. मात्र गुलाबी ठसा काही विषारी अळंब्यांचाही पडतो, तेव्हा निव्वळ ठशावर विसंबून फोडणी टाकू नये. दुसरी, म्हणजे कोप्रिनेलस, खाल्ल्याने सहसा विषबाधा होत नाही, पण टोपलीभर गोळा करून चमचाभर भाजी होणार!